ट्यूबच्या रिंगचं पेटंट

व्हीसीआरमध्ये प्ले, रिवाइंड बदलणारी एक छोटी मोटर असायची, आठवतंय? तिचा पट्टा सैल झाला की कॅसेट आतच अडकायची. आमच्या पनवेलचे व्हीसीआर दुरुस्त करणारे दत्ताभाऊ त्या जागी सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवायचे. समोरच्या दुरुस्तीच्याच दुकानातले अन्वरभाई रोज चहाच्या वेळी भांडायला हजर.

"दत्ता, ये पेटंट मेरा है."

"जा रे, माझं आहे."

अन्वरभाई आता नाहीत. परवा लग्नाची कॅसेट बघायची म्हणून व्हीसीआर दत्ताभाऊंकडे नेला. त्यांनी तीच रिंग बसवली.

म्हटलं, "तुमचं पेटंट अजून चालतंय."

"अन्वरचं. त्याचंच बघून शिकलो."

"मग त्यांच्याजवळ कबूल का नाही केलंत?"

समोरच्या बंद शटरकडे बघत म्हणाले, "केलं असतं, तर तो रोज आला असता का?"