पिवळ्या टपाची गाडी

...आणि मी म्हणतो, दारात गाडी आली म्हणून ती कॉलेजात नेलीच पाहिजे, असं कुणी सांगितलंय का? पण आमच्या सयाजीला कोण समजावणार...

तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आष्ट्याच्या अलीकडं आमचं गाव. त्या वर्षी ऊस झकास आला आणि सयाजीच्या वडलांनी, नाथाजी आबांनी, महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याची जुनी डॉज विकत घेतली. होडीएवढी लांब, अंग काळं आणि टप पिवळा. सयाजी म्हणाला, "आबा, टप तेवढा रंगवू की." आबा म्हणाले, "बरा हाय की रं त्यो रंग. कशाला खरडायचा?" झालं. गाडी रस्त्याला लागली की थांब्यावरची माणसं पिशव्या उचलून हात करायची.

आणि हा गडी सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, रोज येष्टीला लोंबकळत जाणारा, पण वर्गात ज्ञानूला, चारुशीलेला, सगळ्यांना ऐकवून बसलेला, की आमच्यात गाडी हाय म्हणून! मग आता न्यावी का न न्यावी? नेली तर पिवळा टप, न नेली तर थापाड्या. त्यात आदल्याच दिवशी प्राचार्यांनी पोरं गोळा करून, चष्मा पुसत पुसत भाषण केलेलं, "बापाच्या जिवावर मिजास करणाऱ्या मुलांची मला लाज वाटते." जेवताना न्यावी, हात धुताना न न्यावी... शेवटी सकाळी आबांनीच किल्ली हातात ठेवली. "ने की. आमी कुणासाठनं घेतली?"

नेली.

कॉलेजच्या दारात लावली, आता चारुशीला येईल, मग मी असा टेकून उभा राहीन, असे सयाजी मनात मांडे खातोय, तोवर आलं कोण? प्राचार्य. बरोबर कुणी पाहुणे. मागचं दार उघडलं, पाहुण्यांना बसवलं, स्वतः बसले आणि म्हणाले, "मिरज स्टेशन. जरा लवकर घे रे." आता मला सांगा, काय बोलायचं? सर, मी तुमचाच विद्यार्थी, ही माझ्या बापाची गाडी? कालच्या भाषणानंतर? सयाजीनं किल्ली फिरवली. आणि नेमकी त्याच घटकेला चारुशीला फाटकातून आत शिरत होती. तिनं बघितलं. टपसुद्धा बघितला.

बरं, प्राचार्य माणूस मायाळू. पाहुण्यांना रेल्वेत बसवून दिलं आणि परतीच्या वाटेवर गप्प बसवेना त्यांना. "गाडी तुझी स्वतःची का रे?"

"न्हाई जी. मालक हायत."

गेलं बघा तोंडातून. जन्मदात्या बापाला मालक.

"पगार देतात का वेळेवर?"

"पगार न्हाई... जेवाय घालत्यात. ऱ्हायाला बी तितंच."

"आणि मारबीर नाही ना?"

"मारायचे... ल्हान हुतो तवा."

प्राचार्य हळहळले. उतरताना भाडं हातात कोंबलं, आणि ह्या बहाद्दरानं ते घेतलं.

घरी आबा वाटेकडं डोळे लावून. "काय म्हनली रं पोरं गाडीला?"

"पोरं कशाला, प्राचार्यच बसलं, आबा."

एवढं खरं बोलला आणि पाय धुवायला पळाला. आणि आबा असे फुलले, की दुसऱ्या दिवशी ठेवणीतला कोट, पटका, मांडीवर काकवीची बरणी, आणि पुढच्या सीटवर बसून तयार. "सायबास्नी भेटाय नको व्हय?" आता गाडीचं ऱ्हायलं बाजूला, आबांना न्यावं का न न्यावं? पण ते बसलेच होते.

प्राचार्य कॉलेजच्या दारातच भेटले. आबांनी हात जोडले. "मी नाथाजी, गाडीचा मालक जी. आन् ह्यो माजा..."

"बरं झालं भेटलात," प्राचार्य म्हणाले. "ड्रायव्हर गुणी आहे हो तुमचा. पण त्याला पगार देत जा. नुसत्या जेवणावर माणूस राबवून घेऊ नये."

आबांनी सयाजीकडं बघितलं. सयाजीनं चाकाकडं. चाकात काय होतं बघण्यासारखं? एक शब्द बोलायचा होता, 'आबा' म्हणायचं होतं नुसतं... पण भोवती पोरं होती, ज्ञानू होता, चारुशीला होती. तो शब्द काही आला नाही.

आबाच बोलले. "व्हय सायेब. चुकलंच आमचं. ल्हानपनापासनं हाय आमच्यात. कवा परका मानला न्हाई, म्हून पगाराचं ध्यानातच आलं न्हाई."

काकवी दिली, नमस्कार केला, गाडीकडं आले. सयाजीनं पुढचं दार उघडून धरलं होतं. आबांनी ते हलकेच लावलं, मागचं उघडलं आणि बसले. तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात त्या बापाच्या तोंडात पोराला 'चल रं' सोडून दुसरं काही आलं नव्हतं. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत ते म्हणाले,

"चला."