लाल ठिपका

(फिएस्टाची, म्हणजे गावजत्रेची दुपार. गावाचं पत्र्याच्या छपराचं बास्केटबॉल कोर्ट. ड्रोन-शर्यतीच्या फायनलला दहा मिनिटं. लिवाय उडवणार आहे; तिचा कुया, म्हणजे थोरला भाऊ, इस्को अँटेनांचा स्टँड लावतोय.)

लिवाय: अँटेना अजून वर घे ना, कुया. स्टेजच्या मागे ड्रोन गेलं की चष्म्यातलं चित्र जातं, नुसत्या मुंग्या येतात. सकाळी दोनदा आल्या.

इस्को: आणखी वर घेतला तर पत्र्याला टेकेल. मग सिग्नल छपरावरून उलटा आदळतो. मुंग्या सोड, डोंगळे दिसतील.

लिवाय: मस्करी नको. सकाळपासून उपाशी आहे मी.

इस्को: माहितेय. नानायने लुगाव ठेवलंय, आईच्या हातची पेज आहे, दोन घोट घे.

लिवाय: नंतर. तो चपटा अँटेना कुठे बघतोय?

इस्को: कोर्टाच्या मधोमध. चपट्याला फक्त समोरचं दिसतं, पण लांबवर. टोपीवाल्याला चहूकडचं, पण जवळचंच. दोन्ही लावलेत. आता काय पाद्रींना बोलावू?

लिवाय: मधोमध नको. स्टेजच्या कोपऱ्याकडे फिरव.

इस्को: मग सुरुवातीच्या गेटांना चित्र फिकं पडेल. हरशील.

लिवाय: हरू दे. त्या कोपऱ्यात जाळीच्या आत ताताय उभे आहेत, पडलेली ड्रोन उचलायला. हात जोडून नको म्हटलं तरी.

इस्को: ते ऐकतात होय? भुवईवरचा टाक्यांचा वण दाखवत फिरतात. लेकीचं ड्रोन लागलं म्हणून.

लिवाय: बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. समोर सगळं काळं झालं आणि रिमोटवरचा माझा अंगठा घाबरून पुढे गेला. मला फार भीती वाटते, कुया. अजून वाटते.

इस्को: बरं. हा बघ, फिरवला.

लिवाय: अँटेनाच्या टोपीवर हा लाल ठिपका कसला?

इस्को: नानायचं नेलपॉलिश. आत तार पिळलेली असते, कुणाची उजवीकडे, कुणाची डावीकडे. बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून उजव्याला ठिपका.

लिवाय: आधी नव्हतास लावत.

इस्को: नाही.

लिवाय: कधीपासून लावतोस?

इस्को: गेल्या फिएस्टापासून.

लिवाय: कुया.

इस्को: ड्रोनवर उजवा होता, तुझ्या चष्म्यावर डावा. आपला मोडला होता, घाईत कुणाचा तरी उसना लावला. पीळ जुळतो का ते बघितलंच नाही; जुळला नाही की सिग्नल तुटतो. समोर होतं तोवर चाललं, भिंतीआड गेलं आणि संपलं. तुझ्या अंगठ्याचा दोष नव्हता. घरी गेल्यावर कळलं मला.

लिवाय: आणि वर्षभर गप्प बसलास. मी रडायचे तेव्हा शेजारी बसून गप्प.

इस्को: उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तातायच्या कपाळाची पट्टी बघितली की जीभच उचलायची नाही.

लिवाय: आज सगळे लाल आहेत?

इस्को: तिन्ही, ड्रोनवरचासुद्धा. चारदा बघितलेत.

लिवाय: मग जा. तातायना इकडे पाठव, ते स्टँड धरून बसतील. त्यांच्या जागी तू उभा राहा.

इस्को: मी?

लिवाय: तूच लावलेत ना?

इस्को: ...जातो. हेल्मेट घालू?

लिवाय: घाल. आणि पिवळा शर्ट काढू नकोस. वळणावर तू दिसलास की मी समजेन, चित्र आहे.

इस्को: आणि नाही दिसलो तर?

लिवाय: त्याच क्षणी मोटर बंद करीन.

इस्को: लिवाय, मलाही भीती वाटतेय गं.

लिवाय: वाटू दे. हात वर करून उभा राहा, म्हणजे लवकर दिसशील.