नवस माझा, साखर पेशींना

तुम्हाला सांगते, तिळगूळ हातात धरा पण आधी ऐका, दोन वर्षांपूर्वी मी सप्तशृंगीला नवस बोलले, आमचा रुद्र, माझा नातू, आपल्या पायांनी गड चढेपर्यंत गोड म्हणून तोंडाला लावणार नाही... सात वर्षांचं पोर, स्नायूंचा आजार, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसकण मारतं. तेव्हापासून साखर बंद, गूळ बंद, सख्ख्या पुतणीच्या लग्नात जिलेबी नुसती वाढली. आणि माझ्या पेशी, माझ्याच, तिकडे पुण्यात रोज साखर खाताहेत. आणि मी इथे बिनसाखरेचा चहा पितेय.

कसं काय म्हणता? माझी भाची वेदिका तिथे प्रयोगशाळेत आहे. "मावशी, रुद्रच्या आजारावर औषध शोधतोय, त्याचं रक्त घेतलंय, आता एक निरोगी माणूस हवंय, दे ना गं." दिलं. त्या रक्तातल्या पेशी त्यांनी मागे मागे नेत पार कोवळ्या केल्या, मूळपेशी म्हणतात, आणि त्यांतून स्नायू वाढवले. साठीच्या बाईच्या पेशी तिकडे बाळासारख्या, आणि गुडघे इकडे साठीचेच, हा कुठला न्याय? मग आप्पेपात्रासारखी ताटली, तीनशे चौऱ्याऐंशी खळगे, अर्ध्यांत रुद्र, अर्ध्यांत मी, नि खळग्याखळग्यात रसायन. त्याच्या पेशींना जोर येतो का, माझ्या धडधाकट राहतात का, हे बघायचं. अशी अकराशे रसायनं झाली. वर सगळ्या पेशींना जगायला साखरेचं गुलाबी सरबत. आणि मी इथे बिनसाखरेचा चहा.

हे मी विमलाबाईंना सांगितलं... बसा हो विमलाबाई, तुमच्याबद्दलच बोलतेय. काय म्हणाल्या? "अगंबाई, मग नवस मोडलाच की. तरीच पोराला गुण येत नाही." लागलं हो मनाला. तसाच फोन लावला, वेदिका, माझ्या पेशींना साखर देऊ नकोस. "मावशी, मरतील त्या." बरं, एकादशीला तरी? "मावशी, ठेवू का फोन?"

आणि गेल्या आठवड्यात तिचाच फोन. "मावशी, एक रसायन लागू पडलं, रुद्रच्या पेशींनी काय जोर धरलाय!" मी निरांजन लावायला उठलेसुद्धा. "पण तुझ्या मेल्या गं." मेल्या तर मेल्या, म्हटलं, पोराला द्या ते. म्हणते, "जे चांगल्या पेशी मारतं, ते त्याला कसं द्यायचं? पण कदाचित तुझ्याच पेशी नाजूक असतील. आणखी दहा-बारा जणांच्या पेशींवर तपासल्याशिवाय ते बाद करणार नाही."

नाजूक. मी. तीन बाळंतपणं, दर श्रावणात अनवाणी गड, आणि नाजूक? पण म्हटलं, देवी, नाजूक तर नाजूक, खोट माझ्यातच निघू दे, रसायनात नको.

म्हणून यंदा वाणाला डबे नाहीत, चाळण्या नाहीत. यंदा वाण मी देत नाही, मागतेय. एकेक नळी रक्त. वेदिका गुरुवारी येतेय, वही कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. पहिलं नाव विमलाबाईंचं. "डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय, निदान तिकडे तरी खाईन," म्हणतात. वेदिका म्हणाली, चालेल, स्नायू धड असले की झालं. आता साऱ्या इंदिरानगरानं तिकडे गोड खावं, मी कोण बोलणार?

तुम्हीही लिहा नाव. तोवर चहा टाकते... तुमच्यात साखर किती तेवढं सांगा.