पोटावरची शीर

तातेराव: मंग परवाच्या परीक्षेला जायचंच न्हाई, हे कधी ठरिवलंस?

सत्यशीला: काल येष्टीत. जालन्यापासून मंठ्यापर्यंत डोक्यात तेच चाललं होतं, आबा.

तातेराव: दोन साल होस्टेलात काढलीस. मी सकाळपसून ज्वारी काढून आलोय, पाठ सरळ होईना. जरा सोपं करून सांग.

सत्यशीला: जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे. बेडूक कापून दाखवायचा. माझ्याच्यानं होत नाही.

गिरिजाबाई: डाक्टरीन व्हायचं म्हणून तूच घेतलं ना ते?

सत्यशीला: घेतलं, आई. आता थकले.

तातेराव: पुस्तक तर पाठ हाय तुझं.

सत्यशीला: पुस्तकात कापावं लागत नाही. बेडकाच्या पोटावर मधोमध एक शीर असते, दोऱ्याएवढी. ती तुटली की सगळं रक्तानं भरतं, मग काहीच दिसत नाही. सराव परीक्षेत माझी तुटली. वीसपैकी चार.

तातेराव: घाई केली असशील.

सत्यशीला: हात थरथरत होता.

गिरिजाबाई: का थरथरत व्हता, ते सांग. सकाळी मला सांगितलंस ते बापाला सांग.

सत्यशीला: एका बेडकावर आम्ही चौघी असतो. बाकीच्या तिघी सुरी माझ्याच हातात देतात. पहिल्या दिवशी एक म्हणाली, तूच काप, तुमच्या लोकांना सवय असते. कुणी हसलंसुद्धा नाही, आबा. त्यांना ते बरोबरच वाटलं. तेव्हापासून सुरी धरली की तेच ऐकू येतं.

तातेराव: तुला कुठून आसंल सवय? तू जन्मायच्या आधी सोडलं ते आपण.

गिरिजाबाई: दीक्षा घेतली त्याच आठवड्यात ह्यांनी सुरी ओढ्यात फेकली. गाव चिडलं, दोन महिने कुणी कामावर घेतलं न्हाई. तरी मेल्या ढोराला हात लावला न्हाई. त्याच्या आधी जेवायला बसताना तीन-तीनदा राखेनं हात धुवायचे, अन् म्हणायचे, वास जाईना.

तातेराव: कशाला काढतीस ते?

गिरिजाबाई: काढते. तुमच्यावाणी कातडं सोडवणारा आसपास कुणी नव्हता. कुठं भोक न्हाई, कुठं मास लागलेलं न्हाई. पोरगी त्याच्यापाशीच तर अडून बसलीया.

तातेराव: मी इसरलो ते.

गिरिजाबाई: तुमी न्हाई इसरले.

सत्यशीला: राहू दे, आई. मला ते शिकायचंच नाही. शिकले तर त्या पोरींचं खरं ठरेल.

तातेराव: बेडूक कुठंय?

सत्यशीला: कुठला?

तातेराव: काल पिशवीतून बरणी काढून खाटंखाली सारलीस. मला दिसत न्हाई व्हय?

सत्यशीला: सरांनी सरावाला दिलाय. औषधातला आहे, कधीचा मेलेला.

तातेराव: मंग पाट घे. बाभळीचे चार काटे आण, पाय टोचून धरायला. मी हात लावणार न्हाई. सुरीलाबी न्हाई. तोंडानं सांगतो तेवढं कर.

सत्यशीला: आणि त्या पोरी म्हणाल्या ते?

तातेराव: आमच्या गळ्यात ते काम गावानं बांधलं व्हतं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. हे तू मागून घेतलंस. मला तर फरक चांगला दिसतो, पोरी. आण काटे.

(पाटावर बेडूक उताणा. तातेराव दोन्ही हात पाठीमागे धरून बसलेले, नजर पोरीच्या बोटांवर.)

तातेराव: चिमट्यानं कातडं वर उचल. आजून. आता धार कातड्याकडं ठेव, मासाकडं न्हाई.

सत्यशीला: आम्ही धार खाली ठेवत होतो.

तातेराव: म्हणूनच तुटली. दाबू नको. कातडं वढायचं, सुरीनं नुसतं इचारत जायचं.

सत्यशीला: थरथरतोय हात.

तातेराव: मनगट पाटावर टेक. माझाबी थरथरायचा पहिल्या साली. चौदा वर्साचा व्हतो.

सत्यशीला: हे कधी सांगितलं नाही तुम्ही.

तातेराव: सांगण्यासारखं व्हतं का ते? पुढं बघ. शीर दिसली की तिच्या बाजूनं जा, वरून न्हाई.

सत्यशीला: दिसायला लागली. आबा, सुटलं कातडं. शीर अख्खी आहे.

गिरिजाबाई: बघू. आगं, खरंच दोऱ्यावाणी हाय.

तातेराव: उद्याच्या पहिल्या गाडीनं जा. परवा कुणी सुरी हातात द्यायच्या आधी तूच उचल.

सत्यशीला: जाते.

तातेराव: आता तांब्या आण. चुलीतली राखबी आण.

सत्यशीला: मी मोरीत धुते हात.

तातेराव: तुझे मंग धू. आधी माझ्या हातावर पाणी घाल.

सत्यशीला: पण आबा, तुम्ही तर कशालाच हात लावला नाही.

तातेराव: घाल, माय.