वडगावच्या पाहुण्यांनी पाहिलेलं कोल्हापूर

माझ्या घोडीच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अजून कानात आहे. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पेठ वडगावच्या एका वयस्कर पाहुण्यांनी कोल्हापूर बघायला अर्ध्या दिवसासाठी माझा टांगा ठरवला. अंबाबाईला त्यांनी टांग्यातूनच हात जोडले. रंकाळ्यावर तर उतरलेच नाहीत. मग राजारामपुरीतल्या एकाच गल्लीतून मला पुन्हा पुन्हा फिरवलं. मला काहीच कळेना.

"पावणं, हितं बघायला काय न्हाय की!"

ते माझ्या कानाशी वाकले. "त्या कोपऱ्यावरच्या घरातलं स्थळ आलंय माझ्या लेकीला. बिनआईची पोर हाय. पोरगा कसा हाय, कुणाला इचारू?"

मी त्या घरासमोर टांगा उभा केला. आतून एक तरुण बाहेर आला. घोडीला धाप लागलेली बघून त्यानं पाण्याची बादली आणली आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिची मान खाजवत उभा राहिला.

पाहुण्यांना तो घरचा गडी वाटला. हळूच म्हणाले, "बाबा, तुमच्या घरचा लग्नाचा पोरगा सभावानं कसा हाय? खरं सांग."

त्याचे कान लाल झाले. रिकामी बादली उचलून तो घरात गेला.