रेघेवरचा बादल

(वलगावच्या शिवारातला शंकरपट. बैलजोड्यांच्या शर्यतीची शेवटची फेरी आत्ताच संपली आहे. धूळ अजून खाली बसलेली नाही.)

सत्तार: फोटो आला का नाही, तेवढं सांग बेटा!

गजाला: थांबा ना अब्बा, श्वास तर घेऊ द्या! बैल समोरून गेले ना, जमीन हलली पोटाखालची! रेघेपाशी पालथीच पडली होती मी.

सत्तार: थे पाह्यलं मी. अब्दुल सत्तारची सून मातीत पालथी, अन् सारं गाव पाहून राहिलं. जाऊ दे थे. आला का?

गजाला: आला असेल. बोट उचललंच नाही मी बटणावरून. आधी जुबेर दिसले गाडीवर, मग आपल्या जोडीतला बादल, बाजूनं भगवंतकाकांच्या जोडीतला हरण्या, अन् मग नुसती धूळ!

भगवंतराव: अय सत्तार! कुठं लपून बसला बे? तिकडं पंचाईचं जुंपलं! एक म्हणते तुहा बादल पैला, दुसरा म्हणते माहा हरण्या. तिसऱ्याच्या डोयात माती गेली, थो बसला चोळत.

सत्तार: अन् घड्याळाचं मशीन?

भगवंतराव: थे तं सकाळीच बंद पडलं बाप्पा. मोबाईलवाले पोट्टे ढीगभर होते, पण सारे आडवेतिडवे उभे. एकाच्याबी व्हिडिओत चुन्याची रेघ धड दिसत नाही. म्हून मी सांगून आलो पंचाईले, रेघेच्या नाकासमोर एकच कॅमेरा होता, सत्तारच्या सुनेचा. तिच्या फोटोत दिसन थे खरं.

सत्तार: माह्या सुनेचा फोटो तुले चालते?

भगवंतराव: काहून नाही चालत? आमच्या आचलच्या बारशाचे फोटो कोणं काढले? इनंच. नातीले मांडीवर घेऊन माही बुढी हासून राहिली त्यात. माह्यासमोर कधी हासली नाही थे!

गजाला: हसतात हो काका. तुम्ही बाहेर गेले की हसतात.

भगवंतराव: ऐकलं बे? ऐकलं? पाह्य पोरी, निवांत पाह्य. मी तवरक पंचाईले धरून ठेवतो, नाहीतं टोप्या उडतीन तिकडं.

सत्तार: गेला. आता दाखव लवकर. तुले सांगतो गजाला, आज ढाल आपल्या घरी येते! लग्नातले फोटो काढ, ईदचे काढ, धारणीकडं जीपमधून फिरून जंगलाचे काढ, पण पटावर बाईमाणसाचं काय काम, असं मीच म्हणत होतो ना? आता पाह्य! भगवंतानं एकबी साल ढाल सोडली नाही मले. अन् बादल कोण? माय मेलेलं वासरू. तुह्या अम्मीनं बाटलीनं दूध पाजलं त्याले. सकाळपासून फोनवर फोन करून राहिली थे... काय झालं? इतकं काय पाहून राहिली त्यात?

गजाला: अब्बा, जरा त्या बाभळीखाली चला ना. उन्हात दिसत नाही नीट.

सत्तार: दिसत नाही, का दाखवाचं नाही?

गजाला: हरण्याचं नाक पुढं आहे.

सत्तार: किती?

गजाला: चार बोटं. रेघेच्या पलीकडं गेलंय. आपला बादल अलीकडं आहे.

सत्तार: धूळ असन थे.

गजाला: मोठं करून पाहिलं मी. नाकच आहे.

सत्तार: ...कोणी पाह्यला हा फोटो?

गजाला: मी. फक्त मी.

सत्तार: मंग हालला मनून सांगून दे. हालतात ना फोटो? माहे तं सारेच हालतात. पंच म्हणतीन, बरोबरी झाली. सहा महिने भगवंताकडं ढाल, सहा महिने आपल्याकडं.

गजाला: सांगते. तुम्ही म्हणत असाल तर सांगते अब्बा. मी काय तुम्हाला हरवायला आली होती का इथं? पण एकदा पाहून तर घ्या.

सत्तार: काय पाहू? हरलेलं?

गजाला: नाकाकडं नका पाहू. बादलच्या पायांकडं पाहा.

सत्तार: आण इकडं. असं डोयाजवळ धर... हे काय? खूर कुठं गेले याचे?

गजाला: वर आहेत. चारही वर. ही खाली त्याची सावली, अन् सावलीच्या अन् खुरांच्या मधात नुसता उजेड.

सत्तार: या अल्ला! टेकलाच नाही हा! गजाला, हा टेकलाच नाही बेटा! कान पाह्य त्याचे, मागं कशे चिकटले! शेपूट पाह्य! अन् जुबेर... कासरा सोडूनच दिला याच्यावर माह्या पोट्ट्यानं! आयुष्य गेलं माहं बैलाईमागं, पण पळता बैल असा दिसला नाही कधी. आपल्याले तं धूळच दिसते. धाड, धाड, आत्ताच्या आत्ता तुह्या अम्मीच्या मोबाईलवर धाड हा!

गजाला: कसा धाडू अब्बा? फोटो हालला म्हणून सांगायचं ना?

सत्तार: मंग?

गजाला: मग हा कोणालाच दाखवता येणार नाही. अम्मीला दाखवला की लगेच शेजारच्या अनीसाला जाईल, अनीसा साऱ्या मोहल्ल्याला धाडेल.

सत्तार: बाजूचं कापून टाक. हरण्याचं नाक काप.

गजाला: कापता येतं. पण लोक विचारतील ना, बाकीचा फोटो कुठं आहे म्हणून.

सत्तार: मंजे हा नुसता तुह्या कॅमेऱ्यात पडून राहीन?

गजाला: पडून राहील. किंवा पुसून टाकते.

सत्तार: पुसू नोको! बोट काढ तथून! ...भगवंता! अय भगवंताऽ! इकडं ये! पंचाईलेबी घेऊन ये!

भगवंतराव: आलो, आलो! काय निघालं? पाहू... अरे! अरे हे तं माह्या हरण्याचं नाक! रेघेच्या पार! जिकलो बे सत्तार! पंच, पाहून घ्या, चार बोटं, मोजून चार बोटं! हरण्याऽऽ!

सत्तार: झालं का तुहं नाक पाहून? आता इकडं पाह्य. हे पाह्य.

भगवंतराव: काय पाहू आणखी... अरे बाप्पा.

सत्तार: पाह्यलं?

भगवंतराव: हा उडून राहिला का बे?

सत्तार: उडून राहिला!

भगवंतराव: अन् माहा नुसता पयून राहिला! सुनबाई, हा मोठा करून दे मले. ढाल लावतो तथीच, बाजूले लावतो.

सत्तार: पैले आमच्या घरी लागन. ढाल तुही, पैला फोटो माहा.

भगवंतराव: मंजूर! पण मले गुलाल तं लाव बे, जिकलो मी!

सत्तार: लावतो, लावतो. तोंड तं बंद ठेव, खाशीन ना गुलाल!

गजाला: अब्बा, अम्मीचा फोन.

सत्तार: दे. हॅलो आयशा! हाव, हरलो. हरलो ना, पण ऐक तं! बादल उडला! ...अवो डोकं नाही फिरलं माहं, कसम से! गजाला धाडून राहिली, डोयानं पाह्य. अन् अनीसाले धाड. साऱ्याईले धाड!

गजाला: पोहोचला. पाहिला पण त्यांनी. अब्बा, पुढचा पट अकोल्याकडं आहे म्हणतात, माझ्या माहेराजवळ.

सत्तार: मंग विचारून काय राहिली? चाल. पण पालथं पडाले सतरंजी घे संग.

गजाला: घेते! आता बादलचा अन् जुबेरचा एक उभ्यानं काढू द्या. पाहा ना, मान कशी ताठ करून उभा आहे! हरलेला वाटतो का कुठून?

सत्तार: हळू बोल बेटा. त्याले अजून कोणी सांगतलं नाही.