हिरवं इंजिन चालत नाही

क्लाइव्ह : आधी रुळावर नीट बसलंय का ते बघ. बोटाने जरा हलव. एखादं चाक खाली घसरलं असेल.

मॅव्हिस : बसलंय रे. दोनदा उचलून ठेवलं. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. तुझं हिरवं इंजिन ढिम्म हलत नाही. आणि फोन एका हातात धरून मी हे किती वेळ करणार?

क्लाइव्ह : खांदा आणि मान यांच्यात धर. शिवणकाम करताना धरायचीस तसा.

मॅव्हिस : तेव्हा मानही तरुण होती. थांब, थांब... आक् छी!

क्लाइव्ह : इंजिनावर शिंकलीस?

मॅव्हिस : बाजूला शिंकले! आज तुझी छाती उघडणार आहेत, आणि तुला काळजी कसली, तर इंजिनाला सर्दी होईल याची.

क्लाइव्ह : या शिंकांपायीच तुला वॉर्डात येऊ दिलं नाही. नाहीतर आत्ता इथे असतीस.

मॅव्हिस : असते, आणि तू मला बसने घरी पिटाळलं असतंस, जा, इंजिन बघ म्हणून. बोल, पुढे काय करू?

क्लाइव्ह : खिडकीत छोटं काळं इंजिन आहे. हिरवं उचल आणि ते ठेव.

मॅव्हिस : ठेवलं... अगं बाई, हे सुटलं की! अरे, थांब, बोगद्यात गेलं.

क्लाइव्ह : जाऊ दे. म्हणजे वीज येतेय. रूळ ठीक, कंट्रोलर ठीक. दुखणं हिरव्यातच आहे.

मॅव्हिस : हिरवं ठेवलं की कंट्रोलरवरचा लाल दिवा लागतो बरं का. काळं ठेवलं की नाही लागत.

क्लाइव्ह : तो दिवा म्हातारा झालाय, मनाला येईल तेव्हा लागतो. त्याच्याकडे बघू नकोस. काळं काढ, हिरवं घे आणि टॉवेलवर उलटं ठेव. धुराडं सांभाळ.

मॅव्हिस : ठेवलं. बिचारं मेलेल्या किड्यासारखं दिसतंय. पाय वर करून.

क्लाइव्ह : मॅव्हिस!

मॅव्हिस : बरं, बरं. नाही म्हणत.

क्लाइव्ह : चाकांच्या मागे तांब्याच्या बारीक पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी चाकाला टेकलेली हवी. रुळातली वीज त्यांच्यातूनच मोटरला जाते.

मॅव्हिस : भिंग घेते... एक टेकत नाही. हूक वाकतो ना, तशी वाकलीय.

क्लाइव्ह : चिमट्याने पुढे घे. हळूच. ओढू नकोस.

मॅव्हिस : अख्ख्या गावाच्या नवऱ्या मुलींचे झगे शिवलेत मी. मला चिमटा धरायला शिकवू नकोस. झालं. ठेवते... नाही. काहीच नाही.

क्लाइव्ह : आवाज? गुणगुण? हात लावून बघ, गरम होतंय का?

मॅव्हिस : थंडगार आहे.

क्लाइव्ह : मग वरचं झाकण काढावं लागणार. धुराड्याखाली एकच स्क्रू आहे.

मॅव्हिस : इतकी वर्षं मला त्याच्यावरची धूळसुद्धा पुसू दिली नाहीस.

क्लाइव्ह : आज देतोय. आत मोटरच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीच्या शिशासारखा एकेक तुकडा आहे, स्प्रिंगने दाबलेला. तो झिजला की मोटर मेली. डावीकडचा बघ. स्प्रिंगवर बोट ठेवूनच...

मॅव्हिस : गेली!

क्लाइव्ह : काय गेली?

मॅव्हिस : स्प्रिंग. टुणकन उडाली.

क्लाइव्ह : हलू नकोस! पाय उचलू नकोस! सतरंजीत गेली तर जन्मात मिळायची नाही. अरे देवा. संपलं सगळं.

मॅव्हिस : ओरडू नकोस! ती सिस्टर काय म्हणेल? छातीला काय लावलंय तुझ्या, ते वाजायला लागेल... मिळाली. माझ्या स्वेटरच्या बाहीला लटकलीय. आणि तो तुकडा चांगला लांब आहे. दुसरासुद्धा. काही झिजलेलं नाही. सगळं होतं तसं बसवते.

क्लाइव्ह : मग चालत का नाही ते?

मॅव्हिस : गिल्बर्टला बोलावू का? दोन घरं पलीकडे तर राहतो.

क्लाइव्ह : मी मेलो तरी नाही.

मॅव्हिस : आज असलं काही बोलायचं नाही.

क्लाइव्ह : आमच्या आगगाडी क्लबाच्या भर सभेत, सगळ्यांच्या देखत, म्हणाला की माझ्या इंजिनाचा हिरवा रंग चुकलाय! मी तीन थर दिलेत त्याला. त्या माणसाने माझ्या इंजिनाला हात लावायचा नाही.

मॅव्हिस : अरे, शनिवारच्या प्रदर्शनाला तू तसाही जाणार नाहीस. नळ्या लावून पडलेला असशील. एवढी घाई कसली? घरी आलास की तूच कर.

क्लाइव्ह : आज चालायला हवं. मला न्यायच्या आत.

मॅव्हिस : का पण?

क्लाइव्ह : उगाच. प्रयत्न कर ना अजून.

मॅव्हिस : ... चाललं! क्लाइव्ह, चाललं बघ!

क्लाइव्ह : खरंच? फोन जवळ ने. ऐकव.

मॅव्हिस : ...

क्लाइव्ह : मॅव्हिस?

मॅव्हिस : नाही चाललं.

क्लाइव्ह : तुला खोटं बोलता येत नाही. लग्नाआधीही येत नव्हतं.

मॅव्हिस : मग तू तरी खरं बोल. काय डोक्यात घेऊन बसलायस?

क्लाइव्ह : काल डॉक्टर आले होते. कागद काढून चित्र वगैरे काढून दाखवलं. झडप बदलायची तर म्हणे हृदय आधी थांबवतात. तेवढा वेळ यंत्रावर ठेवतात. काम झालं की परत सुरू करतात. अगदी सहज सांगितलं. बटण बंद, बटण चालू, असं.

मॅव्हिस : मग? रोज करतात ते.

क्लाइव्ह : परवा संध्याकाळी, हॉस्पिटलची बॅग भरून झाल्यावर, मी इंजिनाची सगळी चाकं काढून पुसली. शनिवारसाठी. परत बसवली, बटण फिरवलं, तर बंद. माझ्याच हातात बंद पडलं गं. सकाळी छान चालत होतं. थांबवलं, आणि परत सुरू झालंच नाही.

मॅव्हिस : क्लाइव्ह. ते पितळेचं आणि पत्र्याचं आहे.

क्लाइव्ह : माहीत आहे मला.

मॅव्हिस : तू नाहीयेस तसा.

क्लाइव्ह : तेही माहीत आहे. रात्री दोन्हींपैकी कुठलंच पटत नाही... आले बघ. मला न्यायला ढकलगाडी घेऊन आलेत. फोन द्यायला सांगतायत.

मॅव्हिस : इतक्यात? अरे, मला काहीतरी बोलायचं होतं... आक् छी! मेली शिंक!

क्लाइव्ह : कळलं. तेच मलाही बोलायचं होतं. ठेवतो.

(त्याच दुपारी, मॅव्हिसच्या घरी. टेबलावर इंजिन आणि गार झालेला चहा. शेजारचा गिल्बर्ट आलाय.)

गिल्बर्ट : मी आलो खरा, पण क्लाइव्हला आवडेल असं वाटत नाही. म्हणजे, आम्ही बोलत नाही ना.

मॅव्हिस : त्याला भूल देऊन झोपवलंय. त्याला विचारायला जाऊ नका. बसा. मला नुसतं घड्याळाकडे बघत बसवत नाही. हॉस्पिटलवाले तीनपर्यंत फोन करतो म्हणाले होते, साडेतीन होत आले.

गिल्बर्ट : अशा कामांना वेळ लागतोच. माझं आपलं मत. काय काय करून झालं?

मॅव्हिस : चाकं पुसली, पट्ट्या वाकवल्या, मोटर उघडली. काळं इंजिन चालतं. हे नाही. आणि हे ठेवलं की तो लाल दिवा लागतो. पण तो म्हातारा झालाय म्हणे.

गिल्बर्ट : कोण म्हणालं?

मॅव्हिस : क्लाइव्ह.

गिल्बर्ट : हं. एक करू या का? काळं चालू ठेवा. ते फिरत असताना हिरवं नुसतं रुळावर टेकवा.

मॅव्हिस : टेकवते... अय्या! काळंही बंद पडलं! लाल दिवा लागला. उचलते... चालू झालं परत!

गिल्बर्ट : मग मोटर काही मेलेली नाही. हे इंजिन दोन्ही रुळांतली वीज एकमेकांना भिडवतंय. शॉर्ट सर्किट. म्हणून कंट्रोलर घाबरून सगळंच बंद करतो. कुठेतरी धातूला धातू लागलाय. नको तिथे.

मॅव्हिस : पण कुठे?

गिल्बर्ट : ते शोधावं लागेल. कधी दिवस दिवस लागतो.

मॅव्हिस : तो चाकं काढून पुसत होता. सगळी काढली होती म्हणाला.

गिल्बर्ट : इंजिनाच्या मागे जोडलेल्या कोळशाच्या डब्याचीसुद्धा?

मॅव्हिस : सगळी म्हणाला. भिंग द्या इकडे. ... गिल्बर्ट, या डब्याच्या चाकांच्या मध्यभागी ही पांढरी कडी कसली?

गिल्बर्ट : प्लास्टिकची. एकाच बाजूच्या चाकांना असते, त्या बाजूची वीज पलीकडे जाऊ नये म्हणून.

मॅव्हिस : एकाच बाजूच्या?

गिल्बर्ट : हो. सगळ्या एका बाजूला.

मॅव्हिस : मग पुढच्या जोडीची डावीकडे आहे. मागच्या जोडीचीही डावीकडे. मधल्या जोडीची उजवीकडे का?

गिल्बर्ट : बघू? ... अरे बापरे.

मॅव्हिस : उलटी बसवलीय.

गिल्बर्ट : उलटी बसवलीय. आणि तीही क्लाइव्हने. त्याचा हात असा चुकत नाही कधी. मी त्याला ओळखतो.

मॅव्हिस : त्या संध्याकाळी चुकला. बॅग भरून झाल्यावर बसला होता ना. मी स्वयंपाकघरातून बघत होते, कप खाली ठेवताना बशीवर खडखड वाजत होता. मी काही बोलले नाही. वाटलं, बोललं की वाढेल. ... चिमटा द्या.

गिल्बर्ट : मी काढू?

मॅव्हिस : नको. माझे हात बरे आहेत. निघाली. फिरवली. बसली. आता तुम्ही बटण फिरवा, मला धीर होत नाही.

गिल्बर्ट : फिरवतो हं... गेलं. मॅव्हिस, गेलं बघा. काय सुरेख जातंय!

मॅव्हिस : फोन वाजतोय.

गिल्बर्ट : हो.

मॅव्हिस : फोन वाजतोय, गिल्बर्ट.

गिल्बर्ट : मी घेऊ का? की आधी इंजिन बंद करू?

मॅव्हिस : त्याला हात लावू नका! फिरू दे. ... हॅलो? हो, मीच, त्याची बायको. ... हो, बसलेय. ... म्हणजे काय, लगेच नाही झालं? ... किती वेळ? ... आणि मग? ... हो. ... हो. आता स्वतःचं स्वतः चालतंय ना? यंत्राशिवाय? ... नाही, नाही, मी ठीक आहे, सर्दी आहे मला. उपकार झाले तुमचे.

गिल्बर्ट : काय म्हणाले?

मॅव्हिस : पहिल्यांदा सुरू झालं नाही. दुसऱ्या वेळी झालं. आता चालतंय.

गिल्बर्ट : मी चहा करतो. नवीन. तुम्ही उठू नका.

* * *

क्लाइव्ह : हॅलो. मी.

मॅव्हिस : अरे! काल दिवसभर फोन केले, सिस्टर नुसती म्हणायची झोपलाय, झोपलाय. आवाज किती खोल गेलाय तुझा.

क्लाइव्ह : नळी होती घशात. आज काढली. तुझी शिंक?

मॅव्हिस : गेली. उद्या येऊ देणार आहेत मला. ऐक, तुझं इंजिन चाललं.

क्लाइव्ह : खोटं.

मॅव्हिस : मधली चाकांची जोडी उलटी बसवली होतीस. कोळशाच्या डब्याची.

क्लाइव्ह : मी?

मॅव्हिस : तू. पांढरी कडी उजवीकडे. इंजिनाला काही एक झालं नव्हतं, क्लाइव्ह. तुझे हात थरथरत होते.

क्लाइव्ह : ... कुणाला कळलं का?

मॅव्हिस : गिल्बर्टला.

क्लाइव्ह : झालं! आता क्लबभर होणार.

मॅव्हिस : त्याने कुणाला सांगितलं नाही. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा इथेच होता. नंतर अंधार पडेपर्यंत बसला.

क्लाइव्ह : रंगाबद्दल काही म्हणाला?

मॅव्हिस : जाताना विचारलं मी. म्हणाला, अजूनही जरा गडदच वाटतो.

क्लाइव्ह : गाढव... हसवू नकोस गं. टाके ओढतात.

मॅव्हिस : बरं, नाही हसवत. ऐकवू तुला? फोन रुळाजवळ ठेवते. ... येतंय ऐकू?

क्लाइव्ह : येतंय. पुलावर आहे आता.

मॅव्हिस : हो, पुलावर. दमला असशील, बंद करू?

क्लाइव्ह : इतक्यात नको. मी बोलणार नाही काही. नुसता ऐकतो.